एका चिमणीचे ऋण

५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, तर शेवटचा डॉ. सलीम अली यांच्या जन्माचा. या निमित्ताने भाषणे होतात, फळ्यावर रंगीत खडूंनी मोर आणि पोपट काढले जातात, निबंध लिहून घेतले जातात आणि तेरा तारखेला फळा पुसला जातो. ज्यांच्या जन्मदिनी या सप्ताहाची सांगता होते, त्यांना पक्ष्यांची गोडी निबंधातून लागली नव्हती, याचा उल्लेख मात्र सहसा होत नाही. ती लागली छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीमुळे. ही गोष्ट गैरसोयीची असली तरी बोधप्रद आहे.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांना तर तिचा विशेष बोध घेण्यासारखा आहे. नीरा डाव्या कालव्याने या मुलखाचे सरळ दोन भाग केले आहेत. कालव्याच्या पाण्याखाली आलेल्या पट्ट्यात ऊस, साखर कारखाने, महाविद्यालये आणि औद्योगिक वसाहत. तर पाणी न पोहोचलेल्या उंचवट्यावर वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पावसावर जगणारे माळरान. सुप्याजवळच्या माळावर १९९७ साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे. चिंकारा हरिण, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल, पखुर्डी ही या माळाची खरी प्रजा. तिचे पुढच्या पन्नास वर्षांत काय होणार, हे कायद्याच्या कलमांइतकेच आज दहा-बारा वर्षांच्या असलेल्या मुलामुलींवर अवलंबून आहे. म्हणूनच सलीम अली यांच्या दहाव्या-बाराव्या वर्षी काय घडले, ते बारकाईने पाहणे अगत्याचे ठरते.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या भावंडांना आपल्या खेतवाडीतील घरी वाढविले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्या काळच्या सुखवस्तू घरांत शिकार हा मर्दानी खेळ समजला जाई आणि मुलांच्या हाती छऱ्याची बंदूक देण्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. बाळपणीच्या सलीमचे आवडते वाचन म्हणजे शिकारकथा, आणि आवडता उद्योग म्हणजे चिमण्या टिपणे.

असेच एके दिवशी पाडलेली एक चिमणी निराळी निघाली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मुलाने ती मामांना दाखविली. मामांनाही तिचे नाव सांगता येईना. पण ठाऊक नाही म्हणून त्यांनी विषय झटकून टाकला नाही. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते सभासद होते. सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन त्यांनी भाच्याला फोर्टातील कार्यालयात पाठविले. साहेबाच्या कचेरीत शिरण्याच्या भीतीने पावले जड झालेला तो मुलगा मेलेली चिमणी घेऊन मिलार्डसमोर उभा राहिला.

मिलार्ड व्यवसायाने एका मद्यविक्री कंपनीतील अधिकारी होते. त्यांनी त्या मुलाला हसून परत पाठविले असते, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी चिमणी पाहिली, ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटांचे खण एकामागून एक उघडून भुसा भरून जतन केलेले शेकडो पक्षी त्याला दाखविले. एडवर्ड एटकेन यांचे मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तक वाचायला दिले. पक्ष्याची कातडी कशी सोलावी, ती कशी टिकवावी, नोंद कशी ठेवावी, हे शिकण्याची सोयही करून दिली. या प्रकारात मिलार्ड यांचा वेळ किती गेला असेल? फार तर काही तास. त्या तासांतून देशाला पुढे जे मिळाले, त्याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत मांडता येणार नाही.

येथे एका गोष्टीचा विसर पडू देता कामा नये. छऱ्याच्या बंदुकीने नेमबाजी करणारा सलीम हा त्या मित्रमंडळींतला एकटाच नव्हता. त्याच्या सवंगड्यांत नात्यातला इस्कंदर मिर्झा होता. तो पुढे पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. मोकळे आवार तेच, झाडे तीच, चिमण्याही त्याच. तरीही दोघांच्या वाटा सर्वस्वी भिन्न झाल्या. तेव्हा मूल रानात सोडले की आपोआप निसर्गरक्षक तयार होतो, असा सोपा सिद्धान्त मांडता येत नाही. रान हवेच, पण रानात पडलेल्या प्रश्नाची बूज राखणारे वडीलधारे माणूस हवे आणि त्या माणसामागे कपाट उघडून दाखविणारी संस्था हवी. सलीमला ही तिन्ही मिळाली.

शाळेने त्याला फारसे काही दिले नाही. सततच्या डोकेदुखीमुळे शिक्षणात खंड पडला, हवापालटासाठी सिंधमध्ये जावे लागले. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील पहिलेच वर्ष जड गेले, तेव्हा ते शिक्षण सोडून ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय सांभाळायला गेले. धंद्यात लक्ष लागले नाही. भोवतालच्या अरण्यात मात्र लागले. १९१७ मध्ये परत आल्यावर व्यापारी शिक्षणाबरोबर फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने त्यांनी प्राणिशास्त्राचे पाठ घेतले. १९१८ च्या डिसेंबरमध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग विभागाचे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून दरमहा ३५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझेमान या श्रेष्ठ पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परतले, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. चौतिशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस परदेशातील शिक्षण घेऊन बेकार झाला.

मुंबईत राहणे परवडेना, तेव्हा हे दाम्पत्य अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. तेथे जवळच सुगरणींची वसाहत होती. सलीम अली तासन् तास तिच्याकडे पाहत बसू लागले. नर घरटे अर्धे विणून थांबतो. माद्या येऊन त्याची पारख करतात. एखादीला ते पसंत पडले की तो ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला हात घालतो, असा सुगरणींचा सारा संसारक्रम त्यांनी उलगडून दाखविला. या निबंधाने त्यांचे नाव शास्त्रज्ञांच्या जगात झाले. सुगरणीचे घरटे विहिरीवर लोंबताना बारामती-इंदापूरच्या कोणत्या शेतकऱ्याने पाहिले नाही? पाहिले सर्वांनी, पण ते पाहणे हेच काम आहे, असे समजून त्यापुढे बसण्याची बैठक लहानपणीच घडावी लागते. बेकारीच्या दिवसांतही ती मोडली नाही, यातच तिचे मोल आहे.

त्यानंतरची दोन दशके पायपिटीची होती. तेव्हा मराठवाडा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानात, तसेच कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ या संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. वेतन नाही, केवळ खर्चापुरता पैसा; तंबू, बैलगाडी आणि सोबतीला तेहमिना. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. हा घाव सोसून त्यांनी काम चालू ठेवले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुबोध सचित्र पुस्तक निघाले आणि सामान्य वाचकाच्या हाती प्रथमच आपल्या अंगणातल्या पक्ष्यांची ओळख आली. पुढे डिलन रिप्ली यांच्याबरोबर लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. त्याचा शेवटचा खंड निघाला तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती.

ज्या सोसायटीने लहानपणी कपाटे उघडून दाखविली, तिचे ऋणही त्यांनी फेडले. स्वातंत्र्यानंतर ती पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात असताना त्यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागून ती वाचविली. मिळालेल्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्गसंरक्षणाच्या निधीसाठी देऊन टाकली. १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व हे सन्मान त्यांना लाभले. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मात्र या थोर चरित्राला एक वेदनेची किनारही आहे. भरतपूरचे केवलादेव सरोवर बुजवून तेथे शेती व्हावी, ही मागणी होत असता ते वाचविण्यात सलीम अली यांचा वाटा मोठा होता. परंतु १९८० नंतर तेथे राष्ट्रीय उद्यान होताना गावकऱ्यांची गुरे आत येऊ देऊ नयेत, असा आग्रह धरणाऱ्यांतही ते होते. १९८२ मध्ये बंदी आली, पिढ्यान् पिढ्या तेथे म्हशी चारणारे लोक चिडले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे दगावली. पुढे सोसायटीच्याच शास्त्रज्ञांच्या प्रदीर्घ अभ्यासातून असे दिसून आले, की चराई थांबल्याने गवत माजून पाणथळ जागा कोंदली आणि पाणपक्ष्यांचेच नुकसान झाले. म्हशींच्या चरण्याने ते सरोवर मोकळे राहत होते. ज्याने पक्षी लहानपणापासून पाहिला होता, त्याने गुराख्याचे पोर मात्र पुरेसे पाहिले नव्हते. जिव्हाळा ज्या वस्तूशी जडतो, तिच्यापुरताच तो डोळस असतो, हा या प्रकरणाचा धडा आहे.

तोच धडा बारामती-इंदापूरच्या शेजारीही गिरवला गेला. सलीम अली यांनी ज्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळावा म्हणून आग्रह धरला होता, तो माळढोक हा आपल्याच माळाचा पक्षी. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत माळढोकासाठी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. इंदापूरच्या शेजारचे करमाळा आणि कर्जत हे तालुके त्यात आले. शेते, गावे, बाजारपेठा सारे काही अभयारण्यात गेले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, तेव्हा माळढोक हा शेतकऱ्याच्या दृष्टीने पक्षी न राहता सात-बारावरचा बोजा झाला. पुढे ते क्षेत्र पुष्कळ कमी करावे लागले. आज साऱ्या देशात माळढोकांची संख्या दीडशेच्या घरात आहे आणि नान्नजच्या माळावर तो क्वचितच नजरेस पडतो. कायदा होता, क्षेत्र होते, फलक होते. नव्हती ती लोकांच्या मनातील जागा.

अर्थशास्त्रात वस्तूचे मोल ग्राहक तिच्यासाठी किती किंमत मोजायला तयार आहे, यावरून ठरवितात. १९६७ मध्ये जॉन क्रुटिला या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की कधीही प्रत्यक्ष उपभोग न घेता, एखादी निसर्गवस्तू केवळ अस्तित्वात असावी म्हणूनही माणसे किंमत मोजतात. पण ही तयारी बाजारात तयार होत नाही. जो चिंकारा कधी पाहिलाच नाही, तो नाहीसा झाल्याचे दुःख कोणाला होणार? २००६ मध्ये अमेरिकेत सुमारे दोन हजार प्रौढांच्या पाहणीवर आधारलेला नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकीस यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अकरा वर्षांच्या आत रानात भटकणे, मासे धरणे, शिकारीला जाणे अशा अनुभवांतून गेलेल्या माणसांत मोठेपणी पर्यावरणाविषयीची आस्था अधिक आढळली. फुलझाडे लावण्यासारख्या अनुभवांचा परिणामही होता, पण आचरणापुरता तो तितका ठळक नव्हता. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होतोच असे नाही. तथापि सलीम अली यांचे चरित्र आणि हा निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवितात.

आता बारामती-इंदापूरकडे पाहावे. मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगराच्या पोराला लांडग्याची वाट ठाऊक असते, टिटवीची अंडी कोठे सापडतील हे ठाऊक असते, कोणत्या गवतावर मेंढरू पोसते हेही ठाऊक असते. त्याच्यापाशी रान आहे. पण त्या ज्ञानाला विचारणारा मिलार्ड नाही. शाळेत ते ज्ञान अडाणीपणात जमा होते. उलट, बारामती शहरातील कारकुनाच्या वा प्राध्यापकाच्या मुलापाशी ग्रंथालय आहे, प्रयोगशाळा आहे, शिकवणीचा वर्ग आहे. पण सुप्याचा माळ एवढा जवळ असूनही तो त्याने पाहिलेला नसतो. एकापाशी चिमणी, दुसऱ्यापाशी कपाट. दोघांची गाठ पडत नाही. ही गाठ घालून देणे हेच काम आहे आणि ते अवघड मुळीच नाही.

संधी तर दारात आलेली आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पळसदेवसारखी गावे पाण्याखाली गेली आणि माणसे विस्थापित झाली. त्याच फुगवट्यावर भिगवण-कुंभारगाव परिसरात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले, आणि मासेमारी करणारे काही तरुण होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवून चार पैसे मिळवू लागले. शिर्सुफळ आणि कडबनवाडी येथे वनविभागाने गवताळ माळाच्या सफरी सुरू केल्या आहेत. पुण्या-मुंबईची मंडळी मोटारी घेऊन येतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. त्यांच्या पैशाने गावाला रोजगार मिळतो, हे चांगलेच. परंतु ज्या तालुक्याचा हा माळ, त्या तालुक्यातील मुलांनी तो शाळकरी वयात पाहिलाच नाही, तर उद्या त्याचा कैवार घेणार कोण?

कैवार घेण्याचे प्रसंग येणार आहेत. महसुली भाषेत माळ म्हणजे पडीक जमीन, आणि पडीक म्हणजे रिकामी, अशी समजूत खोल रुजली आहे. कोणी तेथे कारखाना मागतो, कोणी प्रकल्प, तर कोणी सद्भावनेने वृक्षारोपण करून गवताच्या जागी ग्लिरिसिडियाचे रान उभे करतो. गवत हीच तेथील संपत्ती आहे, झाडांच्या दाटीत चिंकारा आणि धाविक टिकत नाहीत, हे अर्ज पुढे सरकविणाऱ्या कारकुनाला, रोपे वाटणाऱ्या शिक्षकाला आणि खड्डे खणणाऱ्या विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे. ते परिपत्रकातून कळत नाही. पहाटे माळावर उभे राहून ज्याने एकदा चंडोलाची झेप पाहिली आहे, त्याचे पेन पडीक हा शब्द लिहिताना क्षणभर तरी थबकेल.

यासाठी लागणारा खर्च किती? पाचवी ते सातवीच्या प्रत्येक वर्गाला वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडी, एसटीने माळावर नेणे. तालुक्यातील शाळांना सफरीचे शुल्क माफ करणे. वाटाड्या म्हणून त्याच माळावरील मेंढपाळाला मानधन देऊन बोलावणे. आणि प्रत्येक शाळेत एक साधी नोंदवही ठेवणे. मेंढपाळाला गुरुजींच्या शेजारी उभे केले, तर भरतपूरची चूकही येथे होणार नाही. कारण संरक्षण हे त्याच्या विरोधात नसून त्याच्या साह्याने करावयाचे आहे, हे मुले पहिल्याच दिवशी शिकतील. बंदूक अर्थातच नको. सलीम अलींचा काळ गेला. आज दुर्बीण पुरे.

मात्र एक गोष्ट पैशाने विकत मिळणार नाही. मुलाने माळावरून उचललेले पीस, घरट्याची काडी किंवा अनोळखी किडा पुढे धरला, तर फेकून दे आणि हात धू, असे म्हणायचे, की थांब, पाहू या, असे म्हणायचे, हा निर्णय शिक्षकाने आणि पालकाने दर वेळी नव्याने घ्यायचा असतो. खेतवाडीच्या मामांना उत्तर येत नव्हते. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मिलार्ड यांना काम होते. त्यांनी कपाट उघडले. भारतीय पक्षिशास्त्राची उभारणी या दोन साध्या कृतींच्या पायावर झाली आहे. मयूरेश्वर आणि कडबनवाडीचे चिंकारे पुढच्या शतकात असतील की नसतील, हेही अशाच एखाद्या चिठ्ठीवर आणि अशाच एखाद्या कपाटावर ठरणार आहे.